दुसरा आवाज : अतिरेकी प्रचारातील संगीत आणि शाहिरी परंपरेची कसोटी

प्रास्ताविक

अतिरेकी विचारांच्या प्रसाराचा अभ्यास सामान्यतः भाषणे, पत्रके आणि ग्रंथ यांच्या आधारे केला जातो. संगीताचा उल्लेख झालाच तर तो प्रचाराची सजावट म्हणून होतो. वास्तविक पाहता, जो तरुण एखादे पत्रक शेवटपर्यंत वाचत नाही, तोच तरुण एक गाणे दिवसातून वीस वेळा ऐकतो, ते मित्रांना पाठवितो आणि नकळत पाठ करतो. म्हणूनच विसाव्या आणि एकविसाव्या शतकातील बहुतेक अतिरेकी चळवळींनी, मग त्या वंशवादी असोत, धर्माच्या नावाने चालणाऱ्या असोत वा सशस्त्र क्रांतीचा पुरस्कार करणाऱ्या असोत, गाण्याला भरतीचे साधन मानले आहे.

प्रस्तुत लेखात 'अतिरेकी प्रचार' ही संज्ञा मर्यादित अर्थाने वापरली आहे. एखाद्या मानवसमूहाला माणुसकीच्या व्यवहारातून वगळणारा आणि त्याच्याविरुद्धची हिंसा न्याय्य ठरविणारा प्रचार, असा तो अर्थ होय. तीव्र निषेध, उपहास वा सत्तेवरील कठोर टीका यांचा समावेश या संज्ञेत होत नाही. हा भेद प्रारंभीच करणे आवश्यक आहे. कारण महाराष्ट्रात गेल्या दोन दशकांत गाण्यासंबंधी जे खटले आणि वाद झाले, त्यांच्या मुळाशी याच भेदाचा गोंधळ आहे. गाण्याची परीक्षा केवळ त्याच्या शब्दांवरून केली, तर निषेध करणारा शाहीर दोषी ठरतो आणि द्वेषाची सवय लावणारा ठेका निसटून जातो. गाण्याच्या परीक्षेसाठी वेगळी कसोटी हवी आणि ती मराठी शाहिरी परंपरेतच उपलब्ध आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

शाहिरीतील दुसरा आवाज

महाराष्ट्रातील लोकगायनाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर प्रचाराचाच इतिहास आहे. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध केला, तो एक निश्चित सामाजिक विचार मांडण्यासाठीच. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे १९४४ मधील लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील शाहिरी या सर्वांनी गाण्यातून पक्ष घेतला. कोल्हापुरात ही परंपरा विशेष जोमाने रुजली. सत्यशोधकी वळणाचे पोवाडे रचणारे लहरी हैदर आणि पुढच्या काळातील पिराजीराव सरनाईक यांची नावे या नगरीच्या स्मरणात आहेत. तेव्हा गाण्याने प्रचार करणे हा दोष मानला, तर मराठीच्या लोकवाङ्मयाचा मोठा भाग बाद करावा लागेल.

तथापि या परंपरेचे एक रचनात्मक वैशिष्ट्य आहे. तिच्यात दुसऱ्या आवाजाला जागा असते. कलगी-तुऱ्यात सवालाला जबाब असतो. तमाशात नायकाच्या मोठेपणाला सोंगाड्याची टोचणी असते. सत्यशोधक जलशातील भटजी हास्यास्पद असला तरी तो बोलतो, आपली बाजू मांडतो आणि त्याच्या युक्तिवादाला युक्तिवादानेच उत्तर दिले जाते. पोवाड्याची घडणही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. झीलकरी शाहिराला साथ देतात, म्हणजे ते संमतीचा आवाज पुरवितात. परंतु मध्येच शाहीर डफ थांबवितो आणि गद्यात बोलू लागतो. या निवेदनात तो प्रसंग समजावतो, आजच्या काळाशी त्याचा संबंध जोडतो, कधी श्रोत्यांनाच प्रश्न विचारतो. ठेका थांबलेला असतो त्या अवधीत श्रोता पुन्हा एकटा होतो, त्याला विचार करता येतो. आवेश निर्माण करणारी आणि आवेशातून क्षणभर बाहेर काढणारी अशा दोन्ही शक्ती पोवाड्याच्या एकाच चौकटीत नांदतात.

अतिरेकी प्रचाराच्या संगीतात नेमका हाच दुसरा आवाज काढून टाकलेला आढळतो. उरतो तो ठेका, झील आणि शत्रूचे नाव.

आवाज, शब्द आणि मेळ

संगीताचा परिणाम शब्दांच्या आधी शरीरावर होतो, याचा अनुभव कोल्हापूरकरांना वेगळा सांगण्याची गरज नाही. गणेशचतुर्थीला राजारामपुरीत निघणारी मंडळांच्या गणेशमूर्तींची आगमन मिरवणूक पाहण्यासाठी शहराच्या सर्व भागांतून लोक येतात. ध्वनिक्षेपकांच्या भिंतींसमोर उभ्या असलेल्या तरुणाला गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. छातीत घुमणारा ठेका मात्र जाणवतो आणि शेजारच्या अनोळखी तरुणाचे पाऊल आपल्या पावलाबरोबर पडते आहे याचा आनंद होतो. या आनंदात गैर काही नाही. वारीतील भजनात, लेझमीच्या खेळात आणि राष्ट्रगीतातही एकत्र स्वर लावण्याचे हेच सुख असते. ठेक्याला स्वतःची विचारसरणी नसते. परंतु एकदा शरीरे एका लयीत आली की त्या लयीवर कोणते शब्द ठेवायचे, हे ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक असतो तो ठरवितो.

कायद्याला या प्रक्रियेच्या दोनच बाजू दिसतात. एक म्हणजे आवाजाची पातळी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे व ती ओलांडल्यास गुन्हा नोंदविता येतो. दुसरी बाजू म्हणजे शब्द. आक्षेपार्ह शब्द कागदावर उतरवून न्यायालयापुढे ठेवता येतात. आवाज मोजता येतो, शब्द वाचता येतो. परंतु या दोहोंमध्ये जो मेळ जमतो, ज्यात एकटा तरुण समूहाचा भाग होतो, त्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. भरतीचे काम मात्र याच मेळात घडते.

कोल्हापूर, जून २०२३

६ जून २०२३ रोजी, शिवराज्याभिषेकाच्या वर्धापनदिनी, काही तरुणांनी आपल्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर औरंगजेब व टिपू सुलतान यांच्या संदर्भातील चित्रे आक्षेपार्ह ध्वनिफितीसह ठेवल्याची तक्रार कोल्हापुरात पुढे आली. दुसऱ्या दिवशी, ७ जून रोजी, हिंदुत्ववादी संघटनांनी बंदची हाक दिली. छत्रपती शिवाजी चौकात मोठा जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला व अश्रुधुराचा वापर केला. जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली.

हा प्रसंग संघटित भरतीचा होता असे म्हणण्यास आधार नाही. तरीही समीक्षेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, कारण वादाचे केंद्र असलेली कृती अतिशय लहान होती. त्या काळात व्हॉट्सअॅप स्टेटसवरील दृश्यफितीची मर्यादा ३० सेकंद होती आणि २४ तासांनंतर ती आपोआप नाहीशी होत असे. ३० सेकंदांत निवेदन बसत नाही, सवालाला जबाब बसत नाही. त्यात केवळ चेहरा, ठेका आणि आव्हान बसते. या मापाला प्रत्युत्तरही त्याच मापाचे मिळते. एका बाजूची फीत आणि दुसऱ्या बाजूची घोषणा यांत आशयाचा कितीही विरोध असला तरी रचना एकच असते. दोन्हींत दुसऱ्याचा आवाज फक्त डिवचणी म्हणून येतो.

याच नगरीत लहरी हैदर यांच्यासारखा मुस्लिम शाहीर शिवचरित्र गात होता, हे येथे आठवणे केवळ सद्भावनेचा उपचार म्हणून नव्हे, तर वाङ्मयीन पुरावा म्हणून आवश्यक आहे. पोवाड्याच्या विस्तारात शिवाजी महाराजांविषयी अनेक आवाज एकत्र राहू शकत होते. फुल्यांचा पोवाडा हा त्यातील एक, लहरी हैदरांचा दुसरा. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या १९८८ मधील पुस्तिकेचे शीर्षकच 'शिवाजी कोण होता?' असे प्रश्नार्थक आहे. ती पुस्तिका मूळ भाषणातून आकाराला आली आणि तिचा बाज शाहिराच्या गद्य निवेदनाशी नाते सांगणारा आहे. ती थांबविते, विचारते, उदाहरण देते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सागरमाळ परिसरात पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २० फेब्रुवारीस पानसरे यांचे निधन झाले. त्या गुन्ह्याची नोंद राजारामपुरी पोलीस ठाण्यात आहे. दुसरा आवाज ही केवळ रचनेची बाब नाही, याची ही नोंद साक्ष देते.

'कोर्ट' : शाहिराचा शब्द आणि प्रेक्षागृहातील टाळी

चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित 'कोर्ट' (२०१४) हा मराठी चित्रपट या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत सूक्ष्म विवेचन करतो. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान मिळाला. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर असा आरोप ठेवला जातो की, त्याच्या गाण्यामुळे प्रवृत्त होऊन एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली असून संभाजी भगत यांच्या शाहिरीचा आवाज चित्रपटाला लाभला आहे. न्यायालयात गाण्याचे रूपांतर कागदावरील मजकुरात होते. मग तो मजकूर गायिला गेला की नाही, कोणी ऐकला, त्याचा अर्थ काय, यावर सुनावणीमागून सुनावणी होते. डफ, वस्ती, श्रोते आणि निवेदन ही गाण्याची सर्व अंगे या प्रक्रियेत गळून पडतात.

परंतु चित्रपटाचा खरा समीक्षात्मक आघात अन्यत्र आहे. सरकारी वकील असलेली स्त्री सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटक पाहावयास जाते. त्या नाटकात मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या परप्रांतीय तरुणाला अपमानित करून घराबाहेर काढले जाते आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते. दिग्दर्शक या प्रसंगावर कोणतेही भाष्य करीत नाही. कॅमेरा शांतपणे प्रेक्षकांकडे पाहत राहतो. जिच्या दृष्टीने शाहिराचे गाणे समाजाला धोका आहे, ती स्वतः त्या टाळीत सहभागी आहे. या टाळीवर खटला चालत नाही आणि चालविण्याची मागणीही येथे अभिप्रेत नाही. मुद्दा असा की, समूहाला एका सुरात आणून बाहेरच्यावर हसविण्याची क्रिया रोजच्या करमणुकीत मुरलेली असते आणि ती कोणालाही अतिरेकी वाटत नाही.

या प्रसंगामुळे दुसऱ्या आवाजाची कसोटी अधिक काटेकोर करावी लागते. नाटकातील परप्रांतीय तरुण रंगमंचावर असतो, बोलतोही. परंतु त्याचे बोलणे हे त्याला हाकलण्याची पूर्वतयारी असते. जलशातील भटजीला युक्तिवादाने उत्तर मिळते, या तरुणाला दाराबाहेर काढून. शिवाय भटजी हा श्रोत्यांवर सत्ता गाजविणाऱ्या वर्गाचा प्रतिनिधी होता. हा तरुण प्रेक्षकांपुढे दुबळा आहे. तेव्हा दुसरा आवाज उपस्थित असणे पुरेसे नाही. त्याचे म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता रचनेत असावी लागते.

कबीर कला मंच आणि कायद्याची दृष्टी

'कोर्ट' मधील कथानक कल्पित असले तरी त्याला वास्तवाची पार्श्वभूमी आहे. गुजरातमधील दंगलींनंतर २००२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कबीर कला मंचाने जात, श्रमिकांचे शोषण आणि धार्मिक हिंसा या विषयांवर गाणी केली. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटातून हे कलावंत सर्वदूर पोहोचले. २०११ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने मंचाच्या काही सदस्यांना बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक केली. शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनापुढे स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. त्याआधी जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी काही आरोपींना जामीन देताना, सामाजिक अन्यायावर बोलणे वा गाणे हे बंदी असलेल्या संघटनेच्या सदस्यत्वाचे प्रमाण मानता येणार नाही, असा आशय मांडला होता.

पुढे ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यातील शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जगताप यांचा जामीन अर्ज फेटाळताना उच्च न्यायालयाने मंचाच्या सादरीकरणातील शब्द, घोषणा आणि राजकीय उपहास यांची दखल घेतली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी असलेल्या संघटनेचे केवळ सदस्यत्वही गुन्हा ठरू शकते, असा निर्णय दिल्याने ठिपसे यांच्या निकालामागील सक्रिय व निष्क्रिय सदस्यत्वाचा भेदही उरला नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकातही बोललेले वा लिहिलेले शब्द, चिन्हे आणि दृश्य आविष्कार यांचा बेकायदेशीर कृत्यांच्या व्याख्येत विचार आहे.

आरोपींच्या संघटनात्मक संबंधांचा निर्णय न्यायालयांनी पुराव्यावर करावयाचा आहे. तो समीक्षेचा विषय नव्हे. परंतु गाण्याचा पुरावा म्हणून वापर होतो, तेव्हा गाणे कसे वाचावे हा प्रश्न समीक्षेचाच आहे. उपहास हा दुसऱ्या आवाजाचा सर्वांत जुना प्रकार आहे. सत्तेच्या घोषणेची खिल्ली उडविणारा सोंगाड्या श्रोत्याला आवेशातून बाहेर काढतो. त्याचे वाक्य वगातून उचलून एकटे वाचले की तेच चिथावणी भासू लागते.

गाणे संपल्यानंतरचे दार

वरील विवेचनावरून शाहिरी रचना असली की गाणे निर्दोष, असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. १९७२ मध्ये आकारास आलेल्या जननाट्य मंडळीचे गायक गदर यांनी तेलुगू बुर्रकथा व ओग्गुकथा यांचा वापर केला. धोतर, घोंगडी, घुंगरू आणि काठी असा त्यांचा वेश होता. त्यांच्या गायनात प्रश्न होते, संवाद होता, विनोदही होता. तरीही ते गाणे एका सशस्त्र पक्षासाठी होते. दंडकारण्यात आणि त्याचा भाग असलेल्या गडचिरोलीत चेतना नाट्य मंच या माओवाद्यांच्या सांस्कृतिक शाखेने गोंडी चालींवर नवी गाणी बसविली. ज्या समाजात गाणारा आणि ऐकणारा असे दोन वेगळे वर्ग नसतात, तेथे चाल ओळखीची असणे हेच अर्धे निमंत्रण असते. जंगलावरील हक्क, वनखात्याचा जाच, मजुरी यांविषयीची तक्रार खरी होती. म्हणूनच गाणे पटत होते. प्रश्न त्यापुढचा आहे. गाणे संपल्यावर श्रोत्यासमोर कोणते दार उघडे होते? ग्रामसभेचे, न्यायालयाचे, मोर्चाचे, की केवळ बंदुकीच्या दलमचे? आणि एकदा आत गेल्यावर बाहेर पडण्याची मुभा होती काय? गदर यांनी स्वतः पुढे सशस्त्र मार्ग सोडला आणि २०१८ मध्ये प्रथमच मतदान केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठ माओवादी नेत्याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली. दार बदलले, गाण्यातील तक्रारी मात्र त्यामुळे आपोआप खोट्या ठरत नाहीत.

जगातील अन्य उदाहरणे हीच दुहेरी कसोटी अधिक स्पष्ट करतात. जर्मनीतील एनपीडी या अतिउजव्या पक्षाने २००४ मध्ये शाळकरी मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी गाण्यांच्या सीडी फुकट वाटल्या. गाणे आधी, पक्ष नंतर, असा तो क्रम होता. तथाकथित इस्लामिक स्टेटने २०१३ पासून 'अजनाद' या माध्यमशाखेद्वारे वाद्यांविना गायिलेली नशीदे प्रसृत केली. त्यांत अनेक कंठांचा एकच सूर होता, विरोधाला वा शंकेला कोठेही जागा नव्हती. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराककडे गेले, तेव्हा हे जग महाराष्ट्रापासून दूर नसल्याचे ध्यानात आले. अर्थात त्यांच्या जाण्याचे कारण गाणे होते असे म्हणता येणार नाही. गाणे एकट्याने कोणाला घराबाहेर काढीत नाही, ते आधीच किलकिले झालेले दार ओळखीचे करून देते.

रवांडातील गायक सिमॉन बिकिंदी यांचा खटला या संदर्भात मूलगामी आहे. १९९४ च्या वंशसंहाराच्या काळात त्यांची गाणी आरटीएलएम या रेडिओवरून वाजविली जात होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ डिसेंबर २००८ रोजी त्यांना १५ वर्षांची शिक्षा दिली. परंतु ती गाण्यांबद्दल नव्हती. गाण्यांचा प्रचारासाठी वापर झाला हे मान्य करूनही, ती संहार घडविण्याच्या हेतूने रचली वा १९९४ मध्ये त्यांनीच ती प्रसारित केली, हे सिद्ध झाले नाही. शिक्षा झाली ती जून १९९४ च्या अखेरीस वाहनावरील ध्वनिक्षेपकावरून तुत्सींच्या हत्येचे थेट आवाहन केल्याबद्दल. म्हणजे आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेलेल्या संहारानंतरही न्यायाधिकरणाने गाणे आणि आवाहन यांतील रेषा पुसली नाही. त्याच वेळी, गाण्याने आवाहनासाठी जमीन तयार केली होती, हेही नाकारले नाही. शिक्षेसाठी आवाहन सिद्ध व्हावे लागते, परंतु समाजाने सावध होण्याची वेळ त्याच्या पुष्कळ आधी येते. या दोन वेळांमधील अंतर भरून काढणे हे न्यायालयाचे काम नव्हे. ते शिक्षणाचे आणि समीक्षेचे आहे.

समारोप

अतिरेकी प्रचारातील संगीताचे वाचन करताना दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात. पहिला, गाण्याच्या रचनेत आणि सादरीकरणात दुसरा आवाज ऐकला जाण्याची जागा आहे काय? दुसरा, गाणे संपल्यावर श्रोत्यापुढे किती दारे उघडी राहतात? केवळ पहिला प्रश्न विचारल्यास भजन आणि समूहगीतही संशयास्पद ठरेल. केवळ दुसरा विचारल्यास प्रत्येक चळवळीचे गाणे गुन्हा ठरेल. जेथे दुसरा आवाज नाही, शत्रूचे नाव निश्चित आहे आणि दार एकच आहे, तेथे संगीत भरतीचे साधन झाले असे समजावे.

ही कसोटी सर्व रंगांच्या प्रचाराला सारखीच लावली पाहिजे. कुणाल पुरोहित यांच्या 'एच-पॉप' (२०२३) या इंग्रजी ग्रंथाने हिंदुत्ववादी लोकप्रिय गीतांच्या व्यवसायाचा जो शोध घेतला आहे, त्याकडे मराठी समीक्षेने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही; जिहादी नशीदे आणि माओवादी गीते यांचीही चर्चा येथे प्रामुख्याने पोलिसी भाषेत होते. परिणामी महाविद्यालयांत या विषयावर एक तर मौन असते, नाहीतर बंदी. स्नेहसंमेलनात कोणते गाणे लावायचे नाही याची यादी तयार होते, परंतु ते गाणे का ओढून घेते याची चर्चा वर्गात होत नाही.

मराठी विभागाच्या अभ्यासक्रमात पोवाडा आहे, जलसा आहे, वग आहे. हे प्रकार इतिहासजमा लोकवाङ्मय म्हणून शिकविण्याऐवजी ऐकण्याची रीत म्हणून शिकविले, तर विद्यार्थ्याला आपल्या भ्रमणध्वनीवरील ३० सेकंदांच्या फितीत काय गाळले गेले आहे हे ओळखता येईल. शाहीर डफ थांबवून बोलू लागतो, ती जागा कोणती हे ज्याला कळले, तो न थांबणाऱ्या ठेक्यापुढे निदान एकदा तरी थबकेल. गाण्यावर बंदी घालून हे साधत नाही आणि गाण्याकडे करमणूक म्हणून दुर्लक्ष करूनही साधत नाही.